लाल मातीतून दिसलेला 'क्रीड'

खोलीच्या भिंतीवर जुन्या मुष्टियुद्धाचं चित्र चाललेलं असतं. प्रोजेक्टरच्या उजेडात बसलेला एक तरुण उठतो, भिंतीजवळ जातो आणि त्या चित्रातल्या माणसावर हवेतच ठोसे मारू लागतो. भिंतीवर लढणारे दोघे म्हणजे अपोलो क्रीड आणि रॉकी बाल्बोआ. हा तरुण अपोलोचा मुलगा. त्याच्या जन्माआधीच बाप रिंगमध्ये मेलेला. बापाला त्याने कधी पाहिलं नाही, पाहिलं ते एवढंच, भिंतीवर हलणारं. आणि तो उभा राहतो रॉकीच्या जागी. त्याचे सगळे ठोसे पडतात ते बापाच्या सावलीवर.

रायन कूगलर या दिग्दर्शकाच्या 'क्रीड' या २०१५ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. तो पाहिला तेव्हा मला कोल्हापुरातल्या तालमींच्या भिंती आठवल्या. एका बाजूला मारुती, शेजारी शाहू महाराज, आणि मग ओळीने कृष्णधवल फोटो. खांद्यावर गदा, डोक्याला फेटा, चुरमडलेले कान, छाती पुढे काढून उभे असलेले पैलवान. त्या भिंतींवरचं कुणीच हलत नाही. पहाटे जोर मारणारी पोरं त्या फोटोंकडे बघत वाढतात, पण त्यातला माणूस खडाखडीला कसा उभा राहायचा, पट काढायला किती चपळाईने खाली जायचा, हे त्यांना फक्त ऐकून माहीत असतं.

या लेखाचं मूळ त्या दोन भिंतींमधल्या फरकात आहे.

*

'रॉकी' मालिकेचा इतिहास आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांना तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. मार्च १९७५ मध्ये चक वेपनर नावाचा फारसा कुणाला ठाऊक नसलेला मुष्टियोद्धा महंमद अलीसमोर जवळजवळ पंधरा फेऱ्या टिकला. ती लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोन या बेकार नटाने काही दिवसांत पटकथा लिहून काढली. निर्मात्यांना पटकथा हवी होती, पण नायक म्हणून नामांकित नट हवा होता. स्टॅलोन अडून बसला. सुमारे दहा लाख डॉलर एवढ्या तुटपुंज्या खर्चात आणि २८ दिवसांत चित्रपट पुरा झाला, आणि १९७७ च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्तम चित्रपट ठरला. फिलाडेल्फियाच्या गल्लीतला, सावकाराची वसुली करत फिरणारा रॉकी त्यात जगज्जेत्या अपोलोशी लढतो आणि शेवटी पंचांच्या निकालात हरतो. हरूनही पायांवर उभा राहतो, एवढंच त्याला हवं असतं.

मग मालिका लांबत गेली. १९७९, १९८२, १९८५, १९९०. शत्रू मोठे होत गेले, माणूस लहान होत गेला. चौथ्या भागात अपोलो रशियन मुष्टियोद्ध्याच्या हातून रिंगमध्येच मरतो. पाचवा भाग लोकांनी नाकारला. २००६ साली स्टॅलोनने 'रॉकी बाल्बोआ' काढून जरा मानाने निरोप घेतला. गोष्ट संपली, असंच सगळ्यांना वाटलं.

कूगलर तेव्हा विशीतला. त्याचे वडील 'रॉकी'चे भक्त. मुलाच्या मोठ्या सामन्याआधी ते त्याला 'रॉकी'चा दुसरा भाग दाखवायचे. पुढे वडील आजारी पडले, स्नायूंची ताकद जाऊ लागली. ज्या माणसाला आयुष्यभर बलदंड पाहिलं तो आधार घेऊन चालताना पाहणं मुलाला सोसेना, आणि त्यातून त्याला सुचलं की रॉकीच म्हातारा आणि आजारी झाला तर? ही कल्पना घेऊन तो स्टॅलोनकडे गेला तेव्हा त्याचा पहिला चित्रपटही लोकांसमोर आलेला नव्हता. स्टॅलोन आधी तयार नव्हता, नंतर तयार झाला. या मालिकेतला हा पहिला चित्रपट, ज्याची पटकथा स्टॅलोनची नाही.

कूगलरने नायक निवडला तो जिंकलेल्या रॉकीच्या घरातला नव्हे. अपोलो हा पहिल्या चित्रपटात महंमद अलीची आठवण करून देणारा, बोलघेवडा, काळा विजेता. गोऱ्या नायकाची उंची दाखवण्यासाठी उभा केलेला. चौथ्या भागात तर त्याचं मरणच नायकाला चेव यावा म्हणून. कूगलर त्या बाजूला टाकलेल्या माणसाच्या दारी गेला. त्याचा एक मुलगा आहे, लग्नाबाहेरचा, अनाथालयातून आणि सुधारगृहातून गेलेला, नाव ॲडोनिस. त्याला बापाचं नावही हवंय आणि त्या नावाचं ओझंही नकोय. मला वाटतं, मालिका पुन्हा जिवंत झाली ती इथे. तीस वर्षं पाठीवर पडलेल्या पैलवानाला कुणीतरी हात देऊन उठवलं.

*

आता कोल्हापूर.

आमच्या गावात कुस्ती आणि सिनेमा ही दोन्ही खुळं एकाच पाण्यावर वाढली. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि परत येऊन खासबागेत तसंच गोल, मध्ये खोल आणि कडेला चढत गेलेलं मैदान उभं केलं. १९१२ साली ते खुलं झालं. कुठेही बसा, मधला आखाडा दिसतोच. माझे वडील मला तिथे न्यायचे तेव्हा आम्ही अगदी वरच्या कडेला बसायचो, आणि तिथूनही पैलवानाच्या पाठीला लागलेली लाल माती दिसायची. हलगी घुमायला लागली की पोटात कालवाकालव व्हायची. पंजाबातून मल्ल आणून, त्यांना आश्रय देऊन, पेठापेठांतल्या तालमींना बळ देऊन महाराजांनी जे पेरलं, त्याचं पीक हे शहर शंभर वर्षं खात आलं आहे. मैदानाला लागूनच त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, आणि दुसऱ्या दिवशी माणसं तिथे उभी राहून रडली. तो दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता.

त्याच शहरात बाबूराव पेंटर यांनी आनंदराव या आपल्या भावाबरोबर स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. कॅमेरा तयार झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, आणि १९२० साली 'सैरंध्री' आला. त्या चित्रपटाचं शिखर काय, तर भीमाने केलेला कीचकाचा वध. म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाने पहिलं मोठं दृश्य घेतलं ते दोन दांडग्या पुरुषांच्या झुंजीचं. ते इतकं खरं वाटलं की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना पदवी दिली 'सिनेमा केसरी'. हिंद केसरी, महाराष्ट्र केसरी या गदा तेव्हा अजून चाळीस वर्षं लांब होत्या. या गावात केसरी हा शब्द आधी कॅमेऱ्याला लागला, मग पैलवानाला.

खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तिथून खासबाग मैदान चालत जाता येईल इतकं जवळ. ते थोडंसं अंतर आपल्या सिनेमाने नीट कधी ओलांडलं नाही, ही माझी तक्रार आहे. पाटलाच्या वाड्यापुढे कुस्ती लागते, नायक खलनायकाला आपटतो, गाव फेटे उडवतं, हे मराठी पडद्यावर पुष्कळदा झालं. 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेने राणादा या पैलवान नायकाला घराघरात नेलं आणि चित्रीकरण झालेल्या वसगडे गावाला पर्यटक आणले, तेही खरं. पण तालमीत खरोखर काय घडतं, पैलवान कसा घडतो आणि कसा मोडतो, हे सांगणारा मोठा मराठी चित्रपट अजून व्हायचा आहे.

*

याचं एक कारण कुस्तीतच आहे, आणि ते मान्य करायला हवं. कॅमेऱ्याला मुष्टियुद्ध मानवतं. दोघे उभे असतात, त्यांच्यात हातभर अंतर असतं, चेहरे उघडे असतात, ठोसा कुठून निघाला आणि कुठे बसला हे कुणालाही कळतं. शिवाय तीन मिनिटांची फेरी झाली की घंटा वाजते आणि एक मिनिट थांबायचं असतं. त्या मिनिटात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या माणसाशी त्याचा गुरू बोलतो. सिनेमाला संवाद लिहायला आयती जागा मिळते.

निकाली कुस्तीत असं काही नाही. सलामी झाली, हातात माती घेतली की पाठ टेकेपर्यंत सुटका नाही. दहा मिनिटं नुसती खडाखडी चालते. मानेवर मान, हातात हात. परक्याला वाटतं काहीच होत नाही. जाणत्याला दिसत असतं की डाव्या पैलवानाचा श्वास वर चढलाय, उजव्याने पट सोडून ढाकेची तयारी केली आहे. आणि डाव लागतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत. चेहरा मातीत, पाठ वर, कोण कुणाच्या खाली हे समजेस्तोवर मैदान उठून उभं राहिलेलं असतं. घिस्सा, कलाजंग, एकचाक, धोबीपछाड, प्रत्येक डाव म्हणजे हाडं, तोल आणि क्षण यांचं गणित. ते पडद्यावर समजावून सांगायला 'दंगल'ने मॅट आणि गुणफलकाचा आधार घेतला. लाल माती तिथेही लहानपणापुरती राहिली.

म्हणून 'क्रीड'मधली पहिली मोठी लढत मला आमच्या कामाची वाटते. मारिस अल्बर्टी या छायाचित्रकार बाईंनी ती सलग एका दमात घेतल्यासारखी दाखवली आहे. कॅमेरा रिंगमध्ये शिरतो आणि दोघांभोवती फिरत राहतो. तुकडे जोडून खोटा वेग आणायची सोय नाही. नट दमतो ते खरंच दमलेलं दिसतं, आणि आपण त्याच्याबरोबर धापा टाकतो. निकाली कुस्ती जन्मतःच अशी सलग आहे. ती तोडून, गतीने पळवून, ढोल बडवून दाखवायची काय गरज? कुणीतरी आखाड्यात उतरावं, पैलवानांच्या गुडघ्याइतकं खाली बसावं आणि थांबावं. दहा मिनिटांची खडाखडी प्रेक्षक श्वास रोखून पाहील. खासबागेत पंचवीस-तीस हजार माणसं तशीच पाहत आली आहेत.

*

'क्रीड'चा खरा जीव मात्र लढतीत नाही, रॉकीच्या म्हातारपणात आहे. बायको गेली, मेहुणा गेला. हा रोज उठून त्यांच्या थडग्यांपाशी खुर्ची टाकून बसतो आणि वर्तमानपत्र वाचून दाखवतो. बायकोच्या नावाचं छोटं हॉटेल चालवतो. ॲडोनिस दारात येतो तेव्हा त्याला शिकवायची रॉकीची इच्छा नसते. पुढे रॉकीला कर्करोग निघतो, उपचार घ्यायचे नाहीत असं तो ठरवतो, आणि मग पठ्ठा वस्तादाला लढायला लावतो. दवाखान्याच्या जिन्यावर, खाटेशेजारी, पोरगा सराव करत राहतो.

कोल्हापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. वस्ताद म्हणजे नुसता प्रशिक्षक नव्हे. पोरगं दहा-बारा वर्षांचं असताना बाप त्याला गावाकडून आणतो आणि वस्तादाच्या पायाशी ठेवतो. पहाटे उठवणं, जोर-बैठका मोजणं, माती उकरून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायला लावणं, खुराकावर नजर ठेवणं, थंडाईचे बदाम स्वच्छ वाटले का बघणं, ताप आला तर उशाशी बसणं, हे सगळं वस्तादाचं. पोरं तालमीतच राहतात, तिथेच स्टोव्हवर रांधतात, तिथेच झोपतात. अलीकडे एका पहाटे मी पुन्हा एका तालमीत जाऊन बसलो होतो. वयाने खूप झालेले एक वस्ताद भिंतीला टेकून खुर्चीवर होते. गुडघे गेलेले, आखाड्यात उतरणं बंद झालेलं. पण एका पोराचा पाय चुकीच्या जागी पडला तेव्हा त्यांनी काठीचं टोक नुसतं उचललं, आणि पोराने न बघता पाय मागे घेतला. स्टॅलोनला 'क्रीड'मधल्या रॉकीसाठी गोल्डन ग्लोब मिळालं आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच पात्रासाठी पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं. मला मात्र रॉकी म्हटलं की आता ती काठी आठवते.

बाप आणि मुलाची गोष्ट हवी असेल तर तीही याच गावात आहे. गणपतराव आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे, १९६० चे हिंद केसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. मोतीबाग तालमीत त्यांच्या हाताखाली दादू चौगुले तयार झाले. दादूंनी १९७० आणि १९७१, अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, रुस्तुम-ए-हिंद झाले, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला. वस्तादाकडून पठ्ठ्याकडे आणि बापाकडून मुलाकडे, दोन्ही वाटांनी आलेली गदा. मुलगा आखाड्यात उतरताना निवेदक आधी बापाचं नाव पुकारणार, मैदान आधी बापासाठी टाळी वाजवणार, हे ओझं काय असतं हे सांगायला हॉलिवूडला पटकथा लिहावी लागली. आणि त्यानंतर कोल्हापूरला ही गदा पुन्हा मिळायला २०२२ साल उजाडलं, साताऱ्याच्या मैदानात पृथ्वीराज पाटील यांच्या रूपाने. दोन दशकांहून मोठा खंड. मालिका आपल्याकडेही थांबतात आणि पुन्हा सुरू होतात.

*

फिलाडेल्फियात एक गोष्ट घडली ती मनाला लागते. तिथल्या कला संग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी रॉकीचा ब्राँझचा पुतळा आहे. पायऱ्या ७२, जगभरचे लोक त्या धावत चढतात आणि वर जाऊन हात उंचावतात. पण त्या शहराचा खरा जगज्जेता होता जो फ्रेझियर, महंमद अलीला पहिल्यांदा हरवणारा. खाटीकखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारणं आणि त्या पायऱ्यांवर धावणं, या गोष्टी चित्रपटाने त्याच्या आयुष्यातून घेतल्या. तो २०११ साली गेला. त्याचा पुतळा शहरात उभा राहिला २०१५ मध्ये, 'क्रीड' पडद्यावर आला त्याच वर्षी. कल्पनेतल्या मुष्टियोद्ध्याला आधी मान मिळाला, खऱ्याला नंतर.

आपल्याकडे खाशाबा जाधव खरे होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीवर घडलेला हा पोरगा तिथे मॅटवर उभा राहिला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमाने मिळायची विश्रांतीही मिळाली नाही, आणि त्यांच्या बाजूने भांडायला तिथे कुणी नव्हतं. कांस्यपदक घेऊन ते परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल लागलं. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गावोगाव हार पडले. मग खाशाबा परत कोल्हापुरात आले, कुस्त्या खेळले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं.

हे शेवटचं वाक्य मी कितीदाही सांगू शकतो. पदक मिळवलेला माणूस फड मारत फिरतो, कशासाठी, तर मास्तरांचं घर सुटावं म्हणून. ही गोष्ट लिहायला कुठल्याही कल्पनाशक्तीची गरज नव्हती. खाशाबा पोलिसांत नोकरीला लागले, १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००१ मध्ये, मरणानंतर. नागराज मंजुळे यांनी 'खाशाबा' या चित्रपटाची घोषणा केली ती २०२३ साली. पदकानंतर ७१ वर्षांनी. ज्यांनी 'सैरात'मध्ये तालमीतून आलेल्या आकाश ठोसरला उभं केलं, त्या दिग्दर्शकाच्या हाती ही गोष्ट जाते आहे याचा मला आनंद आहे. त्यांनी माती घाईने दाखवू नये, एवढंच मागणं.

*

पुन्हा त्या भिंतीकडे येतो. ॲडोनिसला बापाशी लढता आलं, कारण बापाचं हलतं चित्र शिल्लक होतं. कूगलरला म्हाताऱ्या रॉकीची गोष्ट सांगता आली, कारण तरुण रॉकी चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे होता. आपल्या पैलवानांचं असं किती जपून ठेवलं आहे? आंदळकर २०१८ मध्ये गेले. दादू चौगुले २०१९ मध्ये गेले. पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे २०२० मध्ये गेले. सलग तीन वर्षांत तीन मोठे मल्ल. त्यांच्याबरोबर किती डाव, किती मैदानांच्या आठवणी, वस्तादांच्या किती शिव्या आणि शाबासक्या गेल्या!

म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमाभागातल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत एखादा म्हातारा पैलवान असेल तर या दिवाळीत त्याच्याकडे फराळाचं ताट घेऊन जा. खिशातला मोबाईल काढा, समोर ठेवा, आणि त्याला विचारा की पट काढताना पहिला पाय कुठला पुढे टाकायचा. तो तोंडाने सांगणार नाही. उठून उभा राहील आणि करून दाखवेल. ते चित्र घ्या, आणि सांभाळून ठेवा.